‘हे कसं कळलं?’ : शरीरक्रियाशास्त्राच्या सेमिनारांविषयी

शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात सेमिनार दोन प्रकारचे असतात. पहिला शिकण्या-शिकवण्याचा. एमडीच्या विद्यार्थ्याला विषय नेमून दिलेला असतो, मूत्रपिंड लघवी दाट कशी करतं म्हणा किंवा झोपेच्या अवस्था म्हणा, आणि तासाभरात तो विभागापुढे मांडायचा असतो. दुसरा संशोधनाचा. कुणीतरी आपल्या चालू कामाचे, अजून कुठे न छापलेले आलेख घेऊन उभं राहतं आणि सहकाऱ्यांसमोर त्यांचा अर्थ लावून दाखवतं. वेळापत्रकात दोन्हींचे वार वेगळे, लॉगबुकात रकाने वेगळे. ठाऊक असलेलं पहिल्यात पक्कं करायचं आणि ठाऊक नसलेलं दुसऱ्यात शोधायचं, अशी त्यामागची समजूत.

प्रस्तुत संग्रहाच्या संपादकांनी ही वाटणी मानलेली नाही. एका विद्यापीठ-विभागातल्या निवडक सेमिनारांची ही टिपणं त्यांनी मुद्दाम सरमिसळ करून लावली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने मांडलेला नेहमीचा विषय आणि ज्येष्ठ प्राध्यापकाचं ताजं संशोधन शेजारी-शेजारी आलं आहे. प्रत्येक टिपणाच्या शेवटी त्या दिवशी विचारले गेलेले प्रश्न छापले आहेत आणि उत्तर न मिळालेले प्रश्नही वगळलेले नाहीत. प्रस्तावना लिहायचं मी कबूल केलं ते या शेवटच्या गोष्टीमुळे. माहिती देणारी पुस्तकं मिळतात. त्या माहितीवर झालेली उलटतपासणी क्वचितच छापून येते.

मला इथे एकच म्हणायचं आहे. दोन्ही सेमिनारांत जीव असतो तो एकाच प्रश्नामुळे: ‘हे कसं कळलं?’ शिकवणाऱ्या सेमिनारमधून तो गेला की पाठांतर उरतं. संशोधनाच्या सेमिनारमधून गेला की कौतुकसोहळा उरतो. आणि तो विचारणारी व्यक्ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी आहे की विभागप्रमुख, याने प्रश्नाच्या वजनात फरक पडत नाही.

हा प्रश्न सगळ्याच शास्त्रांचा, हे खरं. पण शरीरक्रियाशास्त्राला त्याची गरज अधिक आहे, आणि त्याचं कारण विषयाच्या स्वभावातच आहे. शरीररचनाशास्त्राचा शिक्षक चिमट्याने नस उचलून ‘ही पाहा’ म्हणू शकतो. आमच्याकडे उचलून दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. आम्ही क्रियेबद्दल बोलतो, आणि क्रिया दिसते ती एखाद्या उपकरणाने काढलेल्या रेघेतून किंवा दोन-तीन मोजमापांवर केलेल्या हिशेबातून. ‘विश्रांतीच्या अवस्थेत हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकतं’ हे वाक्य एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जण पाठ करतो. महाधमनीखाली मोजपात्र धरून कुणी हा आकडा काढलेला नाही. मग तो आला कुठून?

अ‍ॅडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये त्याची वाट सांगितली. माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण २५० मिलीलिटर ऑक्सिजन घेतो. धमनीतल्या एक लिटर रक्तात सुमारे २०० मिलीलिटर ऑक्सिजन असतो, हृदयाच्या उजव्या बाजूला परत आलेल्या मिश्र अशुद्ध रक्तात सुमारे १५०. म्हणजे फुफ्फुसांतून जाताना प्रत्येक लिटर रक्ताने ५० मिलीलिटर ऑक्सिजन उचलला. २५० ला ५० ने भागा, ५ लिटर. हिशेब शाळकरी पोरालाही जमेल असा आहे. पण तो माणसात प्रत्यक्ष करायचा तर मिश्र अशुद्ध रक्ताचा नमुना हवा, आणि तो हृदयातूनच घ्यावा लागतो. वेर्नर फोर्समान यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली, आणि १९४० च्या दशकात कूर्नां आणि रिचर्ड्स यांनी ते तंत्र पक्कं केलं, तेव्हा कुठे फिक यांचं समीकरण माणसाच्या बाबतीत वापरात आलं. १९५६ चं नोबेल या तिघांना मिळालं ते यासाठी.

आता हा विषय सेमिनारमध्ये मांडण्याच्या दोन तऱ्हा पाहा. पहिलीत विद्यार्थी सूत्र लिहितो, आकडे घालतो, उत्तर काढतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. दुसरीत मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘या तीन आकड्यांपैकी मोजलेले किती आणि गृहीत धरलेले किती?’ कारण अनेक ठिकाणी ऑक्सिजनचा वापर प्रत्यक्ष मोजत नाहीत. वय, लिंग आणि शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून अंदाजाने धरतात. रुग्णाला ताप असेल, तो धडपडत असेल, तर अंदाज चुकतो आणि अंदाजाबरोबर उत्तरही. हा एक प्रश्न आला की शिकवण्याचा सेमिनार त्याच क्षणी संशोधनाचा होतो. या संग्रहातल्या हृदयावरच्या भागात हे घडताना वाचकाला दिसेल.

आपल्याकडे दर आठवड्याला होणाऱ्या जर्नल क्लबची प्रथाही एका शरीरक्रियाशास्त्राच्या शिक्षकापर्यंत मागे नेता येते. विल्यम ऑस्लर पुढे बेडसाइड अध्यापनासाठी गाजले, पण १८७५ च्या सुमारास ते कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा समावेश असलेला विषय शिकवत होते. परदेशी नियतकालिकं महाग, एकट्याच्या पगारात परवडत नसत. म्हणून काही जणांनी मिळून ती मागवायची आणि आळीपाळीने वाचायची, अशी व्यवस्था त्यांनी केली. मूळ गरज खिशाची होती. पण एकच निबंध चार जणांनी वाचला की चार शंका निघतात, हा त्यातला खरा नफा.

त्याच काळात जर्मनीत लायप्झिगला कार्ल लुडविग यांची संस्था भरभराटीला होती. १८६९ मध्ये उघडलेल्या या संस्थेत रशिया, इंग्लंड, अमेरिका, स्कँडिनेव्हिया अशा सगळीकडून तरुण येत. पावलोव तिथे येऊन गेले, हार्वर्डचे बाउडिच तिथेच शिकले. विद्यार्थ्याच्या कामात स्वतःचा हात मोठा असला तरी लुडविग अनेकदा निबंधावर विद्यार्थ्याचंच नाव घालत. त्यांनी १८४७ मध्ये तयार केलेला कायमोग्राफ, म्हणजे फिरता ड्रम, आमच्या पिढीच्या हाताला चांगला परिचयाचा आहे. चकचकीत कागद ड्रमवर ताणून बसवायचा, ज्योतीवर फिरवून त्यावर काजळी धरायची, बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट तरफेला जोडायचा, लेखणीचं टोक कागदाला जेमतेम टेकवायचं आणि विजेचा एक झटका द्यायचा. काळ्यावर पांढरी टेकडी उमटते. तिच्याखाली ट्यूनिंग फोर्कने वेळेच्या लाटा काढायच्या आणि सगळं लाखेच्या पातळ वार्निशात बुडवून वाळत घालायचं.

या ट्रेसिंगमधली मौज अशी की वर्गातल्या दोन बाकांवरची दोन ट्रेसिंग कधी सारखी येत नसत. एकाचा स्नायू दमलेला, दुसऱ्याच्या तरफेला वजन जास्त, तिसऱ्याची लेखणी कागदावर इतकी दाबलेली की टेकडीचा माथाच बसलेला. झटका आणि आकुंचन यांच्यातला सुप्तकाळ पुस्तकात १० मिलिसेकंद आणि आपल्या कागदावर जास्त. मग त्यातला किती स्नायूचा आणि किती लाकडी तरफेच्या जडत्वाचा? उपकरण काय सांगतं आणि शरीर काय सांगतं हे वेगळं काढायची सवय विद्यार्थ्याला तिथे लागायची. आता बेडूक प्रयोगशाळेतून गेले, आणि जायलाच हवे होते. हजारो विद्यार्थ्यांनी तोच जुना प्रयोग पुन्हा करण्यासाठी तेवढे प्राणी मारण्याचं समर्थन होत नाही. त्यांच्या जागी आलेल्या संगणकी प्रात्यक्षिकात मात्र आलेख सगळ्यांच्या पडद्यावर सारखाच येतो. तो वेगळा का आला, हे विचारायची वेळच येत नाही. ही उणीव भरून काढण्याचा एक मार्ग या संग्रहात सुचवला आहे: विद्यार्थ्यांनी एकमेकांवरच रक्तदाब, ईसीजी, व्यायामानंतरची नाडी मोजायची, आणि आकड्यांमधल्या तफावतीवरच सेमिनार घ्यायचा. मला तो पटतो. साठ जणांच्या बॅचमध्ये साठ वेगवेगळी उत्तरं आली की प्रश्न आपोआप सुरू होतात.

इंग्लंडमध्ये १८७६ साली फिजिऑलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. तिच्या बैठका विद्यापीठांच्या विभागांतच फिरत्या भरत. तिथे दीर्घकाळ एक रिवाज होता: वक्त्याने आपलं काम तोंडी मांडायचं, शक्य असेल तर प्रयोग करून दाखवायचा, चर्चा व्हायची आणि त्या निवेदनाचा गोषवारा छापायचा की नाही याचा कौल उपस्थित सभासदच द्यायचे. समोर बसलेल्यांची खात्री पटल्याशिवाय छापील अक्षर नाही. स्त्रियांना सभासदत्व द्यायला मात्र या सोसायटीने १९१५ उजाडू दिलं. खात्री कुणाची पटवायची, हे ठरवणारी खोली किती अरुंद होती तेही यावरून कळतं.

अशा खोलीत वाद कसे होत, आणि कसे मिटत, याची दोन उदाहरणं सविस्तर सांगतो, कारण या दोहोंतून एक धागा सलग जातो.

पहिलं १८८१ चं. लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली होती. मेंदूच्या पृष्ठभागाचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामं करतात की सगळा पृष्ठभाग मिळून एकच काम करतो, हा त्या वेळचा कळीचा वाद होता. स्ट्रासबुर्गचे गोल्ट्झ दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी एक कुत्रा आणला. त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा मोठा भाग काढून टाकला आहे, तरी तो चालतो, पाहतो, ऐकतो, असा त्यांचा दावा. लंडनचे डेव्हिड फेरियर पहिल्या पक्षाचे. त्यांनी एक माकड दाखवलं. हालचालींशी संबंधित ठरावीक भाग काढल्यावर त्याची एक बाजू लुळी पडली होती, अर्धांग झालेल्या रुग्णासारखी. दोन्ही प्राणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. वक्तृत्वाने हा वाद सुटणार नव्हता. तोड निघाली ती अशी: दोन्ही प्राण्यांचे मेंदू एका समितीने तपासायचे. तपासणीत फेरियर यांनी सांगितलेली इजा सांगितल्या जागी निघाली. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूचा मात्र त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच जास्त भाग शिल्लक होता. काय काढलं आहे याचीच खात्री नसेल, तर काढूनही काही बिघडलं नाही या म्हणण्याला आधार राहत नाही.

कुत्र्याच्या त्या मेंदूवर पुढे केंब्रिजमध्ये जॉन लँगली यांनी काम केलं. त्यांच्या हाताखाली एक विद्यार्थी होता, चार्ल्स शेरिंग्टन. १८८४ मध्ये दोघांच्या नावाने निघालेला निबंध हा शेरिंग्टन यांचा पहिला निबंध. दोन मज्जापेशी जिथे भेटतात त्या जागेचा, म्हणजे सिनॅप्सचा, विचार मांडण्याचं श्रेय ज्यांना जातं ते हेच शेरिंग्टन. आणि तो शब्द १८९७ मध्ये पहिल्यांदा छापला गेला तो मायकेल फॉस्टर यांच्या पाठ्यपुस्तकात, विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या प्रकरणात. शिकवण्यासाठी लिहिताना विचाराला जी शिस्त लागते, तिच्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निपजतो याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरं उदाहरण शेरिंग्टन यांच्याच शिष्याचं. सिनॅप्सवरून संदेश पलीकडे जातो तो विजेने की रसायनाने? १९३० च्या दशकात यावरून दोन तट पडले. हेन्री डेल आणि ऑटो लोवी रसायनाच्या बाजूचे. दोघांना १९३६ चं नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियातून शेरिंग्टन यांच्याकडे ऑक्सफर्डला आलेले जॉन एकल्स विजेच्या बाजूचे. संदेश इतका झटपट पोचतो की रसायन सुटणं, पसरणं, काम करणं याला वेळच उरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. सोसायटीच्या बैठकांत डेल आणि एकल्स यांची जुंपायची. १९३५ मध्ये नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेल्या तरुण बर्नार्ड कात्झ यांनी केंब्रिजच्या बैठकीत हे पाहिलं आणि ते चकित झाले. अध्यक्षस्थानी बसलेले एड्रियन अवघडून गेले होते आणि दोघे जवळजवळ हातघाईवर आल्यासारखे भांडत होते. जर्मन विद्यापीठांत प्राध्यापकाला असं कुणी बोलत नसे. आणखी नवल म्हणजे भांडणाऱ्या त्या दोघांचे संबंध स्नेहाचे होते.

एकल्स १९४४ मध्ये न्यूझीलंडला ड्युनेडिन इथे ओटागो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. देशातलं तेव्हाचं ते एकमेव वैद्यकीय महाविद्यालय. शिकवण्याचा भार मोठा. त्याच बेटावर क्राइस्टचर्चला तत्त्वज्ञानाचा एक निर्वासित अध्यापक होता, कार्ल पॉपर. एकल्स यांनी १९४५ मध्ये त्याला वैज्ञानिक पद्धतीवर व्याख्यानं द्यायला ड्युनेडिनला बोलावलं. पॉपर यांचा सल्ला थोडक्यात असा: तुमचा सिद्धान्त चुकला तर त्यात लाज नाही. उलट तो इतका नेमका मांडा की एखादा प्रयोग त्याला सरळ खोटा पाडू शकेल. एकल्स आपल्या वीज-सिद्धान्ताबद्दल त्या सुमारास खिन्न होते. त्यांनी तो पुन्हा मांडला, अधिक धारदार करून. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या काही अध्यापकांनी संशोधन आणि विद्यापीठ यांच्या नात्यावर एक निवेदन प्रसिद्ध केलं; त्यावर पॉपर आणि एकल्स दोघांचीही सही होती. स्वतः शोध घेणारा शिक्षकच विद्यापीठाच्या दर्जाचं शिकवू शकतो, असा त्याचा रोख होता.

कसोटीची वेळ आली ऑगस्ट १९५१ मध्ये. ब्रॉक आणि कूम्ब्स या सहकाऱ्यांबरोबर एकल्स मांजराच्या पाठीच्या कण्यातल्या एकेका मज्जापेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून आतला विद्युतदाब मोजत होते. पेशीला थोपवणारा संदेश आला की आतला दाब कोणत्या दिशेला सरकतो, हे पाहायचं होतं. एकल्स यांच्या सिद्धान्ताप्रमाणे तो धन दिशेला जायला हवा होता. पडद्यावरची रेघ ऋण दिशेला गेली. शंकेला जागा नव्हती, कारण पळवाटा त्यांनी स्वतःच आधी बुजवल्या होत्या. एकल्स यांनी आपला सिद्धान्त जाहीरपणे सोडला आणि रसायनाच्या बाजूला आले. डेल यांनी त्यांची तुलना दमास्कसच्या वाटेवर मतपरिवर्तन झालेल्या सॉलशी केली. १९६३ मध्ये एकल्स यांना नोबेल मिळालं. आणि गोष्ट तिथेही संपत नाही. फर्शपान आणि पॉटर यांनी १९५१ नंतरच्या काही वर्षांतच झिंग्यासारख्या एका गोड्या पाण्यातल्या प्राण्यात खरोखर विजेने चालणारा सिनॅप्स दाखवला. म्हणजे विजेची कल्पना मुळातच अशक्य नव्हती. मांजराच्या कण्यातल्या त्या पेशींपुरती ती खोटी ठरली होती. सेमिनारमध्ये ‘सिद्ध झालं’ हा शब्द ऐकला की ‘कोणत्या प्राण्यात, कोणत्या पेशीत?’ असं विचारायचं ते यासाठी.

आपल्या देशात या विषयाचा स्वतंत्र विभाग प्रथम निघाला तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, १९०० मध्ये, सुबोधचंद्र महालनोबिस यांच्या हातून. पण वरच्या वादाशी थेट नातं सांगणारं नाव मराठी आहे. डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी मांजराच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन टोचल्यावर झोपेसारखी अवस्था येते, हे १९३४ मध्ये ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त मांडलं. मेंदूच्या आत रसायनं संदेशवाहक असू शकतील ही कल्पना तेव्हा धाडसाचीच होती. डेल यांच्या बाजूच्या अनेकांचंही धैर्य मेंदूच्या बाहेरच्या मज्जातंतूंपाशी थांबत होतं. दीक्षित पुढे पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १९५६ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाची उभारणी बी. के. आनंद यांनी केली. त्यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात ब्रोबेक यांच्याबरोबर १९५१ मध्ये दाखवलं होतं की उंदराच्या हायपोथॅलॅमसचा एक छोटा भाग दोन्ही बाजूंनी निकामी केला की तो खाणंच सोडतो. ए. एस. पैंताल यांनी १९५५ मध्ये फुफ्फुसांतल्या काही मज्जातंतूंचे संदेश नोंदवले आणि फुफ्फुस आकसल्याची वर्दी देणारे म्हणून त्यांचं वर्णन केलं. शरीरात प्रत्यक्ष त्यांना जागं करणारी गोष्ट केशवाहिन्यांभोवती साचणारं पाणी आहे, हे उमगल्यावर त्यांनीच १९६९ मध्ये त्यांना ‘जे रिसेप्टर’ हे नाव दिलं. आपणच दिलेलं वर्णन चौदा वर्षांनी आपणच बदलणं, हेही सेमिनारच्याच वृत्तीचं लक्षण.

भारतीय विभागांत वारंवार येणारा आणखी एक विषय म्हणजे योग. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि ‘योगमीमांसा’ सुरू केलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात निर्माण होणारे दाब मोजून, क्ष-किरण चित्रं घेऊन ते छापायला लागले. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचं हे धाडस मोठं होतं. पण मोजपट्टी कोणती, हा प्रश्न उरतोच. १९३५ मध्ये तेरेझ ब्रोस या फ्रेंच संशोधक भारतात आल्या. हृदय इच्छेने थांबवू शकतो असं म्हणणाऱ्या एका योगाभ्यासीच्या ईसीजीची रेघ काही वेळ जवळजवळ सपाट झाल्याचं त्यांनी नोंदवलं. नाडी लागत नव्हती, ठोके ऐकू येत नव्हते, रेघ सपाट. आणखी काय पुरावा हवा?

पुढे वेंगर आणि बागची यांनी आनंद यांच्याबरोबर असे दावे पुन्हा तपासले. निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले. हे अभ्यासी श्वास रोखत, कंठ बंद करून छाती-पोटाचे स्नायू आवळत. छातीतला दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं आणि मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी होते. आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात हृदयाचे ध्वनी बुडतात. आणि हृदयाचा अक्ष छातीत फिरतो, त्यामुळे ईसीजीच्या एकाच जोडणीवर पाहिलं तर लाटा खुज्या दिसतात. अधिक जोडण्या लावून पाहिलं तर हृदय व्यवस्थित चाललेलं होतं. थांबली होती ती नाडी, हृदय नव्हे. पहिल्या वर्षाला शिकवल्या जाणाऱ्या ‘वाल्साल्वा’च्या प्रयोगात हे सगळं शरीरक्रियाशास्त्र आहे. या संग्रहातला त्यावरचा सेमिनार मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी वाचायला सांगेन.

आता आजच्या विभागांकडे. गोष्टी सुधारल्या आहेत. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात छोट्या गटांत शिकवण्यावर आणि पहिल्या वर्षापासून रुग्णाशी संबंध जोडण्यावर भर आला. पदव्युत्तर विद्यार्थ्याला सेमिनार आणि जर्नल क्लब करावेच लागतात. पण रकाना भरला म्हणजे काम झालं असं होत नाही. गायटन नाहीतर गॅनाँगचं पाठ्यपुस्तक उघडायचं, आकृत्या स्लाइडवर चिकटवायच्या, चाळीस मिनिटं वाचून दाखवायच्या, ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारायचं, थोडी शांतता, मग सर दोन शब्द बोलणार आणि चहा. जर्नल क्लबमध्ये निबंधाचा निष्कर्ष सांगितला जातो, पण नमुना किती होता, गट कसे पाडले, आलेखाच्या उभ्या अक्षावर नेमकं काय आहे आणि तो शून्यापासून सुरू होतो का, इकडे कुणी बोट ठेवत नाही.

प्रश्न का येत नाहीत? विद्यार्थी आळशी असतात म्हणून नव्हे. आपल्या पद्धतीत प्रश्न हा परीक्षकाचं हत्यार म्हणून भेटतो, व्हायवात. त्यामुळे मित्राला प्रश्न विचारणं म्हणजे त्याला पाडणं आणि सरांना विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं मनात बसतं. ही भीती सूचना काढून जात नाही. विभागप्रमुखाने स्वतःचं अर्धवट काम मांडावं आणि सगळ्यांत कनिष्ठ विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारू द्यावा, तेव्हा ती जाते. तासातला निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा. स्लाइडवर निष्कर्ष लिहिण्याआधी तो कोणत्या मोजमापावर उभा आहे हे सांगण्याची सक्ती असावी. आणि इंग्रजीत अडणाऱ्याला मराठीत विचारू द्यावं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या मुलांच्या चांगल्या शंका व्याकरणाच्या धास्तीने घशातच राहतात. या विभागाने हे सगळं करून पाहिलं आहे, हे टिपणांखालच्या प्रश्नांवरून दिसतं. त्यातले काही प्रश्न इतके साधे आहेत की वक्त्याला त्यांची उत्तरं द्यायला पुढचा सेमिनार घ्यावा लागला.

संग्रह तीन भागांत आहे: हृदय आणि रक्ताभिसरण, मज्जासंस्था, आणि श्वसन. मूत्रपिंड आणि अंतःस्रावी ग्रंथींवरचे सेमिनार पुढच्या खंडात येणार आहेत. वाचकाने टिपण वाचून झाल्यावर खालचे प्रश्न झाकावेत, आधी स्वतःचे लिहावेत आणि मग ताडून पाहावेत.

मीही तसंच वाचलं, आणि श्वसनाच्या भागातल्या एका टिपणावर माझा एक आक्षेप राहिला. मिनिटाला सहा श्वास अशा संथ प्राणायामात हृदयगतीतल्या चढउतारांचा अभ्यास त्यात आहे. ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ या पट्ट्यातले चढउतार वाढले, ०.१५ ते ०.४ हर्ट्झच्या पट्ट्यातले घटले. म्हणून सिंपथेटिक मज्जासंस्थेचा जोर वाढला, असं लेखिका म्हणतात. पण श्वासागणिक हृदयगती बदलते ती मुख्यतः व्हेगस मज्जातंतूमुळे, आणि मिनिटाला सहा श्वास म्हणजे ०.१ हर्ट्झ. श्वास संथ केल्याबरोबर व्हेगसचाच परिणाम वरच्या पट्ट्यातून उचलला जाऊन खालच्या पट्ट्यात मोजला जातो. आकडे बरोबर असतील आणि अर्थ नेमका उलटा असेल. श्वासाचा वेग कायम ठेवून तुलना केली होती का? त्या दिवशीच्या प्रश्नांत हा दिसला नाही, म्हणून इथे विचारतो. दुसऱ्या आवृत्तीत लेखिकेने उत्तर द्यावं. माझं म्हणणं खोडून काढणारं असेल तर ते या प्रस्तावनेच्या आधी छापावं.